सार्जंट मॅजिनो

‘मॅजिनो लाइन’चे नाव निघाले की वर्गात हशा पिकतो. एवढी तटबंदी बांधली आणि शत्रू बाजूने आत शिरला! पण ज्याचे नाव तिला मिळाले तो माणूस कोण, हे फारसे कोणी विचारत नाही.

आंद्रे मॅजिनो यांचा जन्म १८७७ सालचा, पॅरिसचा. १९१० मध्ये ते म्यूझ जिल्ह्यातून संसदेत निवडून आले आणि १९१३ च्या अखेरीस युद्धखात्याचे उपमंत्री झाले. पुढच्याच उन्हाळ्यात महायुद्ध पेटले. तेव्हा ३७ वर्षांचे हे माजी उपमंत्री साधे शिपाई म्हणून फौजेत गेले! व्हर्दूनच्या परिसरात गस्ती घालत ते सार्जंट झाले. नोव्हेंबर १९१४ मध्ये गुडघ्याला जबर जखम झाली. काठी जन्माची सोबतीण झाली.

युद्धानंतर ते निवृत्तिवेतन खात्याचे मंत्री होते. १० नोव्हेंबर १९२० रोजी व्हर्दूनच्या किल्ल्यात आठ अनामिक सैनिकांच्या शवपेट्या ठेवल्या होत्या. मॅजिनो यांनी ऑग्युस्त तॅं या तरुण जवानाच्या हाती फुले दिली. जवानाने आपल्या १३२ व्या रेजिमेंटच्या आकड्यांची बेरीज केली आणि सहाव्या पेटीवर फुले ठेवली. तोच अनामिक वीर आज पॅरिसच्या विजयकमानीखाली विसावला आहे.

आता तटबंदीकडे येऊ. मूळ योजना त्यांची नव्हे. आधीचे युद्धमंत्री पँल्व्हे यांच्या काळातच ती आखली गेली होती. १९२९ च्या अखेरीस मॅजिनो पुन्हा युद्धमंत्री झाले आणि जानेवारी १९३० मध्ये त्यांनी संसदेकडून सुमारे २९० कोटी फ्रँक मंजूर करून घेतले. यामागे भित्रेपणा नव्हता, हिशेब होता. महायुद्धाच्या वर्षांत फ्रान्समध्ये मुले फार कमी जन्मली, म्हणजे १९३५ पासून भरतीला तरुण कमी पडणार होते. सक्तीची लष्करी सेवाही एका वर्षावर आली होती. माणसे कमी, तर काँक्रीट जास्त! जर्मन सीमेवर थोड्या फौजेने तग धरायचा आणि उरलेले सैन्य बेल्जियमच्या बाजूला मोकळे ठेवायचे, असा बेत होता.

७ जानेवारी १९३२ रोजी विषमज्वराने मॅजिनो यांचे निधन झाले. काम तेव्हा अर्धवटच होते. मे १९४० मध्ये जर्मन रणगाडे आर्देनच्या जंगलातून आले आणि त्यांनी सेदाँजवळ म्यूझ नदी ओलांडली. तेथे मुख्य तटबंदी पोहोचलेलीच नव्हती. तिच्या बहुतेक मोठ्या किल्ल्यांतील शिबंदी मात्र शस्त्रसंधीपर्यंत लढत राहिली आणि वरून हुकूम आल्यावरच बाहेर पडली.