मेंदूविकार: कोणता शब्द कशासाठी?

• पक्षाघात (अर्धांगवायू): मेंदूचा रक्तपुरवठा अचानक तुटल्याने होणारी इजा. बहुतेकदा कारण गुठळी, काही वेळा रक्तस्राव. फरक सीटी स्कॅनमध्ये कळतो. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण ४.५ तासांच्या आत. रक्तस्रावात तेच घातक.

• बेल्स पाल्सी: पक्षाघाताप्रमाणे तोंड यातही वाकडे होते, पण बिघाड चेहऱ्याच्या नसेत. त्या बाजूच्या कपाळाला आठ्या घालता येत नाहीत. पक्षाघातात सहसा येतात.

• अपस्मार (फेफरे, मिरगी): वारंवार फिट येण्याची प्रवृत्ती. तापात आलेली एखादी फिट म्हणजे अपस्मार नव्हे.

• कंपवात: डोपामिन तयार करणाऱ्या पेशींचा ऱ्हास. जेम्स पार्किन्सन यांचा त्यावरील निबंध १८१७चा.

• स्मृतिभ्रंश: लक्षणसमूह. अल्झायमर हे त्याचे सर्वांत मोठे कारण.