दुसरी बाटली

संपादकांनी पाठवलं होतं एनआयसीयूवर, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागावर लिहायला. मी रेंगाळले ती तळमजल्यावरच्या मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये, ब्लड कल्चरच्या यंत्रापाशी.

१९७०च्या दशकात अशी यंत्रं किरणोत्सारी कार्बनच्या आधारे जंतूंचा माग काढत. आता ते काम प्रकाशावर होतं. बाटलीतल्या पोषक द्रवात रक्त सोडायचं. जंतू वाढले की कार्बन डायऑक्साइड तयार होतो, बुडाचा सेन्सर तो टिपतो आणि यंत्र वाजतं. पाच दिवस काही वाढलं नाही, तर बाटली निगेटिव्ह.

‘‘पहिली वाजली की वॉर्डला फोन करते,’’ टेक्निशियन ताई म्हणाल्या. ‘‘औषध सुरू असून दुसरीही वाजली, की डॉक्टर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी मागवतात.’’

हृदयाच्या आतल्या अस्तराला संसर्ग झाल्याचा संशय येतो तो या दुसऱ्या बाटलीमुळे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला सलाइनमधून पोषण देणाऱ्या बारीक नळीचं टोक हृदयाच्या तोंडाशी असतं. ते आत सरकून उजव्या कप्प्याच्या अस्तराला घासलं, तर तिथे प्लेटलेट आणि फायब्रिनचा गोळा जमतो. स्टॅफिलोकॉकस किंवा कॅन्डिडा बुरशी त्यात ठाण मांडते. गोळ्याच्या आत औषध नीट पोचत नाही आणि रक्तात जंतू सुटत राहतात. वरून दिसतं एवढंच : दूध पचत नाही, श्वास मध्येच थांबतो, प्लेटलेट घसरतात. साध्या सेप्सिसमध्येही, म्हणजे रक्तात पसरलेल्या संसर्गातही हेच दिसतं.

आता अडचणी. किलोभराच्या बाळात रक्तच साधारण ८०-९० मिलिलिटर. कल्चरला निदान एक मिलिलिटर हवं, आणि दुसऱ्या बाटलीसाठी पुन्हा तेवढंच. कमी काढलं तर जंतू हुकतात. त्वचेवरचा स्टॅफिलोकॉकस सुईबरोबर आला तर बाटली उगाच वाजते. पण नळीला चिकटून खरा आजार करणाराही बहुधा त्याच जातीचा. नवजाताच्या इकोचा सराव असलेले डॉक्टर सगळीकडे मिळत नाहीत. निदान झालं, की नळी काढायची आणि चार ते सहा आठवडे शिरेतून औषध द्यायचं. त्यासाठी पुन्हा शीर शोधणं आलं.

बाहेरून रेफर झालेल्या बाळाला अँटिबायोटिक आधीच मिळालेलं असेल, तर जंतू असूनही बाटली गप्प राहू शकते. यंत्रात काय सुधारायला हवं, असं मी ताईंना विचारलं.

‘‘यंत्राचं सोडा. अँटिबायोटिक कधी सुरू केलं, तेवढं फॉर्मवर लिहून पाठवायला सांगा. तो रकाना कोरा आला, की निगेटिव्हवर विश्वास ठेवायचा का, ते मला सांगता येत नाही.’’