हाड पोखरणाऱ्या पेशी

उंदराच्या मांडीच्या हाडाची दोन्ही टोकं कापायची, सिरिंजने आत द्रावणाची धार सोडायची आणि लालसर मज्जा बाहेर धुऊन घ्यायची. त्या पेशींना एम-सीएसएफ आणि रँकल ही दोन प्रथिनं मिळाली, की काम सुरू होतं. पहिले दोन-तीन दिवस सूक्ष्मदर्शकाखाली नुसत्या सुट्या, बारीक पेशी दिसतात. मग त्या एकमेकींना भिडतात, त्यांची आवरणं मिसळतात आणि आठवडाभरात कित्येक केंद्रकं पोटात घेतलेल्या महाकाय पेशी ताटलीभर पसरतात. १८७३ साली अल्बर्ट फॉन कोलिकर यांनी नाव दिलेली ऑस्टिओक्लास्ट, म्हणजे अस्थिभक्षक पेशी, ती हीच.

तिचं काम पाहायचं तर तिला हाडच द्यावं लागतं. गायीच्या हाडाच्या पातळ चकतीवर ती उपड्या वाटीसारखी बसते. कडा घट्ट चिकटवते आणि आतल्या बंद जागेत आम्ल सोडते. तिथला पीएच साडेचारपर्यंत उतरतो, खनिज विरघळतं. उघडं पडलेलं कोलॅजन कॅथेप्सिन-के हे एंझाइम तोडतं. काही दिवसांनी पेशी पुसून चकतीला टोल्युइडिन ब्लू लावला, की निळे खड्डे उठून दिसतात. काही ठिकाणी खड्ड्यांची सलग ओळच असते, कारण पेशी खात खात पुढे सरकलेली असते.

चकतीवरचे खड्डे तसेच राहतात. शरीरात मात्र मागोमाग हाड बांधणाऱ्या पेशी येतात. पण खड्डा दोन-तीन आठवड्यांत पडतो आणि भरायला तीन-चार महिने लागतात, हीच खरी अडचण आहे. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटलं की भक्षक पेशी संख्येनं वाढतात, जास्त दिवस जगतात आणि भरणी मागे पडते. हाच ऑस्टिओपोरोसिस. मग मनगट, मणका, खुबा मोडतो. म्हणून या पेशी नकोतच असंही नाही. ऑस्टिओपेट्रोसिसमध्ये त्या नसतात किंवा काम करत नाहीत. तिथे हाडं भरीव दिसतात, तरीही ठिसूळ असतात आणि मज्जेला जागा उरत नाही.

आमवातात हेच खोदकाम सांध्यात होतं. सुजलेल्या अस्तरातल्या पेशी स्वतःच रँकल तयार करतात आणि बोटांच्या एक्स-रेत सांध्याच्या कडेला कुरतडल्यासारखी खाच दिसते. २००१ साली रँकल नसलेल्या उंदरांचे सांधे मुद्दाम सुजवले गेले. सूज आली, पण हाड बहुतांशी शाबूत राहिलं. सूज आणि हाडाची झीज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतकं स्वच्छ दाखवणारे प्रयोग थोडेच.

रँकल अडवणारं डेनोसुमॅब हे इंजेक्शन अमेरिकेत २०१० मध्ये ऑस्टिओपोरोसिससाठी मंजूर झालं. जपानने २०१७ मध्ये आमवातातली हाडाची झीज रोखण्यासाठीही त्याला परवानगी दिली. त्याने सूज उतरत नाही, कूर्चाही वाचत नाही. त्यामुळे मेथोट्रेक्सेटसारखी मूळ औषधं चालू ठेवावीच लागतात.

ऑस्टिओपोरोसिससाठी हे इंजेक्शन दर सहा महिन्यांनी घ्यायचं असतं. बरं वाटतंय म्हणून ते चुकवलं तर दबलेल्या पेशी दुप्पट जोमाने उसळतात आणि काही रुग्णांचे एकाहून अधिक मणके मोडल्याची नोंद आहे. घरात कुणाला हे इंजेक्शन चालू असेल तर पुढची तारीख आजच कॅलेंडरवर लिहा, आणि थांबवायचंच असेल तर त्याजागी कोणतं औषध घ्यायचं ते डॉक्टरांना आधी विचारा.