बांबूचे बेट, करवंदांची जाळी आणि पाच उद्याने

आंब्यांची राई, करवंदांची जाळी, बांबूचे बेट, केवड्याचे बन. शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी ही यादी पाठ केली, पेपर झाला, विसरलो. त्यामुळे समूहदर्शक शब्द म्हणजे नुसती भाषेची सजावट, असा समज पक्का होतो. खरे तर यांतले बरेच शब्द ती वनस्पती वाढते कशी, ते सांगतात. करवंदाच्या काटेरी फांद्या एकमेकींत अशा गुंततात की हात घालायची सोय नाही. म्हणून ती जाळी.

बांबूबाबत गैरसमज दुहेरी आहे. बेट म्हणजे दाटीने उगवलेली पुष्कळ झाडे, असे वाटते. पण हे कोंब जमिनीखालच्या खोडातून फुटत जातात आणि अख्खे बेट एकाच रोपाचा विस्तार असू शकते. शिवाय बांबू झाड नव्हेच, ते गवत. 1927 च्या भारतीय वन कायद्याने मात्र त्याला वृक्षांत बसवले होते. वनक्षेत्राबाहेरचा बांबू त्या व्याख्येतून वगळायला 2017 साल उजाडले. गवताला गवत म्हणायला नव्वद वर्षे!

मुंबईतल्या नायगावकरांचा लाडका समज वेगळा: 'आमच्या फाइव्ह गार्डनला जंगलच आहे.' सावली भरपूर, हे कबूल. पण प्लेगनंतर 1898 मध्ये स्थापन झालेल्या सुधार ट्रस्टच्या दादर-माटुंगा योजनेतला हा आखीव परिसर. शेजारच्या पारशी कॉलनीत तिचे संस्थापक मंचेरजी जोशींनी रस्त्यांच्या कडेने झाडे लावून घेतली. फिरदौसी रोडला महोगनी. जंगलात उंच झाडांखाली लहान झाडे, त्यांखाली झुडपे, वेली आणि आपसूक रुजलेली रोपे असतात. इथे पाचोळासुद्धा सकाळीच झाडून नेतात. उद्यानाला उद्यान म्हणण्यात कमीपणा कसला? सोसायटीच्या कोपऱ्यात रोपे लावून त्यांना 'देवराई' म्हणणे तर अतीच झाले. देवाच्या नावाने पिढ्यान्पिढ्या कुऱ्हाडीपासून राखलेली, ती देवराई.

शिवडी-वडाळ्याच्या किनाऱ्यावरच्या हिरवाईला उलट आपण 'चिखलातली झुडपे' म्हणून मोडीत काढतो. ते कांदळवन आहे. त्यात एकच जात नसते. तिवर, कांदळ, चिप्पी अशा अनेक असतात. पांढरी चिप्पी तर 2020 पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये राज्यभर कांदळवनांच्या तोडीवर बंदी घातली. त्यामुळे झुडपे समजून केलेली 'साफसफाई'ही कायद्याच्या लेखी कांदळवनाची तोडच ठरते.