खाज थांबते, गजकर्ण पसरते

देवळाली प्रवराचा परिसर उसाचा. घामाने भिजलेल्या कपड्यांत दिवसभर राबणाऱ्याला जांघेत, कमरेला गजकर्ण होणे नवे नाही. मेडिकलमधून एक ट्यूब येते. दोन दिवसांत खाज जाते, लाली ओसरते, चट्ट्याची उठलेली कडा दिसेनाशी होते. महिनाभरात तोच चट्टा मांडीवर, पोटावर पसरतो आणि घरातल्या आणखी कुणाच्या अंगावरही उठतो.

अशा अनेक ट्यूबमध्ये बुरशीनाशकाबरोबर क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोनसारखे जहाल स्टेरॉइड मिसळलेले असते. घोळ तिथेच आहे.

स्टेरॉइडचा रेणू मेदात विरघळणारा, त्यामुळे पेशीचे आवरण तो सहज ओलांडतो. आत एक ग्राही प्रथिन त्याची वाट पाहत असते. रेणू चिकटला की ग्राहीचा आकार बदलतो, तो पेशीकेंद्रकात शिरतो आणि थेट डीएनएवर जाऊन बसतो. काही जनुके चालू होतात, काही बंद पडतात. दाह पेटवणाऱ्या जनुकांना जागे करणारे एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन तो जखडून ठेवतो. खाज आणि लाली म्हणजे आपल्या प्रतिकारशक्तीची बुरशीशी चाललेली लढाई. ती इथे थांबते, बुरशी मात्र जिवंत राहते. त्वचेला बळ देणाऱ्या कोलॅजनची जनुकेही मंदावतात, म्हणून जांघेत कायमचे पांढरट ओरखडे उमटतात.

या ग्राहीचे जनुक 1985 मध्ये अमेरिकेच्या सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये रोनाल्ड इव्हान्स यांच्या गटाने वेगळे केले. माणसात या कुळातले 48 ग्राही आहेत. ड जीवनसत्त्वाचा ग्राही त्यांतलाच. क्षयाच्या जंतूंशी झुंजणाऱ्या पेशींत तो जंतुनाशक प्रथिनाचे जनुक चालू करतो. एक भाऊ लढाई थांबवतो, दुसरा हत्यार पुरवतो.

स्टेरॉइड वाईट नाही, हे ठासून सांगायला हवे. 2020 मध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीत डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटवले. ज्यांना ऑक्सिजनचीही गरज नव्हती, त्यांना मात्र काहीच फायदा झाला नाही. स्टेरॉइडचा हाच ग्राही यकृतात साखर बनवणारी जनुकेही चालू करतो. रक्तात साखर वाढली की बुरशीला फावते, म्हणून 2021 मध्ये महाराष्ट्रात म्युकरमायकोसिस हा बुरशीचा आजार पसरला, तेव्हा मधुमेह आणि स्टेरॉइडचा बेसुमार वापर यांकडे बोट दाखवले गेले. औषध तेच, कुणाला, कधी आणि किती, यावर सगळे अवलंबून.

केंद्र सरकारने 2018 मध्ये अशी 14 स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. तरी ती सर्रास मिळतात, आणि दुकानदार 'हेच लावा' म्हणाला की आपण लावतो. घरातली ट्यूब आज उलटून पाहा. तिच्यावर क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन किंवा मोमेटासोन यांपैकी काही छापलेले असेल, तर गजकर्णावर ती स्वतःच्या मनाने लावू नका. ट्यूब घेऊनच त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.