नुसताच फिरणारा नट

साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या एखाद्या गॅरेजमध्ये जुनी जीप अथवा प्रीमियर पद्मिनी नव्याने उभी करण्यासाठी येते, तेव्हा पहिले कित्येक दिवस इंजिनाला कोणी हात लावत नाही. ते जातात नट-बोल्ट सोडवण्यात. बोल्ट घट्ट बसलेला असला तर निदान काय करायचे ते कळते. खरी पंचाईत होते ती बोल्ट फिरतो, पण बाहेर येत नाही तेव्हा. पाना गरगर फिरवला तरी बोल्ट जागच्या जागीच. पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले. अशा गाडीचा पत्रा छिन्नी-हातोड्याने फाटला, तर तसाच दुसरा मिळणे कठीण. म्हणून हा फिरणारा नट नेमका का फिरतो, हे हात चालवण्यापूर्वी समजून घेतले पाहिजे.

बोल्ट धरून का राहतो?

कागदाचा एक काटकोन त्रिकोण कापून पेन्सिलीवर गुंडाळा. त्याची तिरकी कड पेन्सिलीभोवती चढत जाताना दिसेल. बोल्टचे आटे म्हणजे असा गुंडाळलेला उतारच. १० मिलिमीटर व्यासाच्या नेहमीच्या बोल्टला एक पूर्ण फेरा दिला की तो १.५ मिलिमीटर पुढे सरकतो. आट्यांच्या मध्यावरचा परीघ सुमारे २८ मिलिमीटर भरतो. म्हणजे हा उतार जेमतेम ३ अंशांचा झाला. पोलादावर पोलाद घसरण्यासाठी साधारण ८ ते ९ अंशांचा उतार लागतो. त्यामुळे कितीही ताण असला तरी नट आपोआप मागे घसरत नाही. बोल्ट आवळताना आपण जो जोर लावतो, त्यातला सुमारे नऊ दशांश भाग घर्षणावर खर्च होतो आणि केवळ एक दशांश भाग बोल्ट ताणण्याच्या कामी येतो.

आता यात गंजाची भर घाला. लोखंडाचा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा व्यापतो. आट्यांमधील फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांची. तिथे गंज फुगला की तो पाचरीसारखे काम करतो. महाबळेश्वर-पाटणच्या पावसात वावरलेली गाडी आणि जत-आटपाडीच्या कोरड्या हवेत उभी राहिलेली गाडी यांच्या बोल्टमध्ये म्हणूनच फरक आढळतो. सांगलीत २००५, २०१९ आणि २०२१ साली कृष्णेला पूर आले. अशा पुरात बुडालेल्या गाडीच्या आट्यांत गाळही शिरतो, आणि गाळ ओलावा धरून ठेवतो.

मग तो फिरतो कशामुळे?

गाडीत अनेक ठिकाणी नटपर्यंत पाना पोहोचत नाही. म्हणून कारखान्यात नट पत्र्याच्या आतल्या बाजूला वेल्ड करतात किंवा पत्र्याच्या छोट्या पिंजऱ्यात अडकवतात. बोल्ट सुटायचा तर नट स्थिर राहून बोल्ट फिरला पाहिजे, म्हणजे दोघांत सापेक्ष फिरणे घडले पाहिजे. गंजलेल्या आट्यांची पकड वेल्डच्या पकडीपेक्षा जास्त झाली की आधी वेल्ड तुटते. मग नट आणि बोल्ट जोडीने फिरू लागतात. दुसरे कारण म्हणजे आटे झिजून गुळगुळीत होणे. तेव्हा नट जागेवर असतो, पण बोल्टला चढायला उतारच उरत नाही.

बोल्ट ओढून धरला तर?

मेकॅनिकची पहिली युक्ती अशी, की बोल्टच्या डोक्याखाली पातळ छिन्नी घालून तो बाहेर ओढून धरायचा आणि त्याच वेळी पाना फिरवायचा. आटे गुळगुळीत झाले असतील तर उरलेले आटे या ओढीने एकमेकांत रुततात. नट मोकळा फिरत असेल तर तो पत्र्यावर दाबला जातो आणि तेथील घर्षण त्याला धरून ठेवू पाहते.

आम्ही याचा हिशेब मांडून पाहिला. समजा, १००० न्यूटन बलाने, म्हणजे सुमारे १०० किलो वजनाइतक्या जोराने, बोल्ट ओढला. नटाचा तळ पत्र्याला सरासरी ७ मिलिमीटर त्रिज्येवर टेकतो. खरबरीत पत्र्यासाठी घर्षणांक ०.४ धरला, तर नटाला धरणारे आघूर्ण २.८ न्यूटन-मीटर येते. याच ओढीमुळे तेल लावलेल्या आट्यांत सुमारे ०.५ न्यूटन-मीटर विरोध निर्माण होतो. म्हणजे गंजाशी झुंजायला जेमतेम २ न्यूटन-मीटर उरतात. २० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला एक किलो वजन टांगण्याइतकाच हा जोर. किरकोळ गंजाला तो पुरतो, पण जुनाट गंजाला नाही. या हिशेबातून आणखी एक गोष्ट कळते. तेल आट्यांत गेले पाहिजे, परंतु नट जिथे पत्र्याला टेकतो ती जागा कोरडी राहिली पाहिजे. सरसकट तेल ओतले तर नट अधिकच मोकळा फिरतो.

पुढचे उपाय

ओढून भागले नाही तर नटाला थेट धरावे लागते. जवळच्या एखाद्या भोकातून पकड आत जाते का ते पाहावे. नाहीतर पत्र्याला नटाशेजारी छोटे भोक पाडून स्क्रूड्रायव्हरने नट अडवावा. भोक नंतर बुजवता येते, फाटलेला पत्रा सांधणे मात्र अवघड.

नट धरता आला की उष्णतेचा उपयोग होतो. पोलाद दर अंश सेल्सिअसला लांबीच्या लाखात १.२ भागाने प्रसरण पावते. १० मिलिमीटरचे भोक ३०० अंशांनी तापवले तर ते ०.०३६ मिलिमीटरने मोठे होते. हे प्रसरण दिसायला क्षुल्लक, पण गंज ठिसूळ असल्याने त्याला तडा जातो आणि त्या तड्यातून तेल आत झिरपते. मात्र नट तापला पाहिजे, बोल्ट नव्हे. दोन्ही सारखेच तापले तर फायदा नाही. पेट्रोलची टाकी, इंधनाच्या नळ्या आणि रबर जवळ असेल तर ज्योत वापरूच नये. जस्ताचा मुलामा दिलेला भाग तापवला तर त्याचा धूर अपायकारक असतो.

शेवटचा उपाय बोल्टचे डोके कापण्याचा. ग्राइंडरने डोके उडवले की बोल्ट आत ढकलून पत्रा अखंड राहतो आणि नवा नट बसवता येतो. यावेळी डोळ्यांना चष्मा हवाच.

पाना हाती घेण्यापूर्वी

दोन गोष्टी आधी तपासाव्यात. काही जुन्या जीपच्या डाव्या चाकांना उलटे आटे असतात, ते उलट दिशेने सुटतात. दुसरे, जीपचे बहुतेक बोल्ट इंचाच्या मापाचे, तर पद्मिनीचे मिलिमीटरचे. अर्ध्या इंचाचा नट १२.७ मिलिमीटर भरतो. त्याला १३ चा पाना बसतो खरा, पण ०.३ मिलिमीटर ढिला. सारा जोर कोपऱ्यांवर येतो, कोपरे गोल होतात आणि मग योग्य पानाही घसरू लागतो.

किर्लोस्करवाडीत १९१० पासून नांगर बनू लागले, साताऱ्यालाही कूपर यांच्या कारखान्यातून नांगर आणि डिझेल इंजिने तयार झाली. त्यामुळे या भागातील बहुतेक शाळांच्या आसपास गंजलेल्या नट-बोल्टांची वाण नाही. शिक्षकांनी त्यांतील चार सारखे बोल्ट वर्गात आणावेत. एक तसाच ठेवावा, एकाला पाणी, एकाला खोबरेल तेल, एकाला डिझेल लावून रात्रभर राहू द्यावे. दुसऱ्या दिवशी पान्याच्या टोकाला बादली टांगावी आणि तीत पाणी ओतत जावे. नट हलला की पाणी मोजावे. पाण्याचे व बादलीचे मिळून वजन आणि पान्याची लांबी यांचा गुणाकार केला, की कोणत्या बोल्टला किती आघूर्ण लागले ते विद्यार्थ्यांना स्वतःच काढता येईल.