बोटं हलवणाऱ्या दोऱ्या

बालमित्रांनो, एक प्रयोग करा. उजव्या हाताचा मनगट आणि कोपर यांमधला भाग डाव्या हाताने घट्ट धरा आणि उजव्या हाताची बोटं पटपट उघडा-मिटा. आत काहीतरी हलतंय ना? तेच बोटं वाकवणारे स्नायू! खुद्द बोटांत एकही स्नायू नसतो, बरं का. हे स्नायू लांबून ओढतात आणि त्यांना जोडलेल्या पांढऱ्या, चिवट दोऱ्या बोटं वाकवतात. अगदी कळसूत्री बाहुलीसारखं. या दोऱ्यांना कंडरा म्हणतात. डॉक्टर ‘टेंडन’ म्हणतात. अंगठा सोडला तर प्रत्येक बोट वाकवायला अशा दोन दोऱ्या असतात.

फुटलेली काच, पत्र्याचा डबा, स्वयंपाकघरातली विळी... बोटाला आतल्या बाजूने लागलं, तर जखम दिसते एवढीशी. पण कातडीखाली लगेच कंडरा! ती तुटली, की पायजम्याची नाडी आत जावी तसं तिचं एक टोक तळव्याकडे ओढलं जातं. वरून टाके घातले की कातडी जुळते. बोट मात्र वाकत नाही.

तीन वर्षांच्या बाळाला ‘बोट वाकव’ म्हटलं तर ते भोकाडच पसरणार! मग डॉक्टर युक्ती करतात. त्याचं मनगट हळूच मागे वाकवतात. तुम्हीही हात सैल सोडून करून पाहा, बोटं आपोआप मिटू लागतात. एखादं सरळच राहिलं, तर शंका घ्यायची. पालकांनो, झोपलेल्या मुलाच्या हाताकडेही पाहा. बाकीची बोटं अर्धी मिटलेली आणि एकच ताठ, असं दिसलं तर थांबू नका. मुलं मोठी हुशार, उरलेल्या बोटांनी पेन्सिल धरतात, घासही घेतात. म्हणून घरात आठवडेच्या आठवडे कळत नाही. उशीर झाला की कंडरा आखडते. मग सरळ जोडता येत नाही, कधी दुसरीकडची कंडरा आणून बसवावी लागते.

बोटाच्या मुळाशी या दोऱ्या एका अरुंद बोगद्यातून जातात. अमेरिकेतले शल्यविशारद स्टर्लिंग बनेल या जागेला ‘निर्मनुष्य प्रदेश’ म्हणत. तिथे ताबडतोब शिवू नये, असं त्यांचं मत. पुढे १९६०च्या दशकात हॅरॉल्ड क्लायनर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथेही कंडरा लगेच शिवून दाखवली. आता तेच करतात. बाळाला पूर्ण भूल देऊन, भिंगाचा चश्मा लावून, अगदी बारीक दोऱ्याने! आत गेलेलं टोक कधी कधी बारीक नळीला बांधून बोगद्यातून ओढून आणतात. आई नाडी ओवते ना, तसंच.

बोट कापलं तर स्वच्छ पाण्याने धुवा, स्वच्छ फडक्याने दाबा, हात उंच धरा. हळद, कॉफी, राख काही भरू नका. आणि दवाखान्यात जाताना रडू थांबवायला बिस्कीट देऊ नका, कारण भूल द्यायची तर पोट रिकामं लागतं.

शस्त्रक्रियेनंतर लहानग्यांना बहुधा कोपराच्या वरपर्यंत प्लास्टर घालतात, तीन-चार आठवडे. एवढं मोठं का? छोटं प्लास्टर ती पठ्ठी सहज काढून टाकतात! ते निघालं की आधी नुसतं बोट वाकवायचं, हळूहळू. पिळणं, लोंबकळणं, जड दप्तर उचलणं डॉक्टर सांगतील तेव्हाच.